रुग्णालये आहेत, पण गरोदर बाईचा प्रवास कोणाच्या जबाबदारीचा?

“ताई, पुढं कुठं न्यायचं तेवढं तरी सांगा.”

जुलैमधल्या एका रात्री पनवेल परिसरातील एका रुग्णालयाच्या दारात एका कातकरी आजींनी मला हा प्रश्न विचारला. त्यांची सून आठव्या महिन्यात होती. पाय सुजलेले, डोके ठणकत होते, रक्तदाब फार वाढलेला. पहिल्या ठिकाणी रक्तदाब मोजला आणि हातात चिठ्ठी दिली. पुढील उपचारासाठी वरच्या रुग्णालयात न्यावे, एवढेच तिच्यावर होते. दुसऱ्या ठिकाणी रात्री भूलतज्ज्ञ नव्हते. चिठ्ठीवर पुढच्या रुग्णालयाचे नाव नव्हते आणि तिथे कोणाला फोन केल्याची नोंदही नव्हती. वाडीतून निघाल्यापासून खरा उपचार सुरू होईपर्यंत सात तास गेले. सून वाचली, बाळ गेले.

त्या पावसाळ्यात आम्ही काही कार्यकर्ते, आशाताई आणि दोन ओळखीचे डॉक्टर मिळून गरोदर महिलांसाठी तातडीच्या समन्वयाचे काम करत होतो. इमारत नाही, यंत्रे नाहीत. एक फोन, एक वही आणि गाड्यांची यादी एवढेच भांडवल. ते काम करताना जे दिसले त्यावरून माझे मत असे झाले आहे की पनवेलमध्ये रुग्णालयांचा तुटवडा हा पहिला प्रश्न नाही. वाडीपासून शस्त्रक्रियागृहापर्यंतचा संपूर्ण प्रवास ज्याच्या नावावर आहे असा एकही जबाबदार माणूस यंत्रणेत नाही, हा पहिला प्रश्न आहे.

सरासरीच्या आड कोण?

नमुना नोंदणी पाहणीच्या २०२०-२२ च्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३६ मातांचा मृत्यू होतो. देशाचा आकडा ८८ आहे. शाश्वत विकास ध्येयांनी २०३० साठी ७० ही मर्यादा ठेवली आहे, म्हणजे आपले राज्य ती केव्हाच ओलांडून पुढे गेले आहे. ही कमाई खरी आहे आणि ती प्रामुख्याने आशाताई, परिचारिका आणि सरकारी डॉक्टरांची आहे.

पण हा आकडा संपूर्ण राज्याचा आहे. ही पाहणी मातामृत्यूचे प्रमाण जिल्हानिहाय देत नाही, जातीनिहायही देत नाही. त्यामुळे या ३६ मध्ये कातकरी किती, बौद्ध किती, वीटभट्टीवरच्या किती, हे त्यातून कळत नाही. जे मोजले जात नाही त्यासाठी निधी मागता येत नाही, हा आपल्या समाजाचा जुना अनुभव आहे.

दुसरा आकडा पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातील जवळपास ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. त्याच सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. याचा अर्थ, बाई दवाखान्यात पोहोचते पण अंगात रक्त कमी घेऊन पोहोचते. अशा बाईला बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला तर तिच्याकडे वेळ फार थोडा असतो. शिवाय ‘दवाखान्यात बाळंत झाली’ या नोंदीत ती किती दारे फिरून तिथे पोहोचली हे कुठेच लिहिलेले नसते.

तीन उशीर

मातामृत्यू का होतात याची एक सोपी मांडणी सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासकांनी १९९४ मध्ये केली. पहिला उशीर घरात होतो, म्हणजे दवाखान्यात जायचे हे ठरवायला. दुसरा वाटेत होतो. तिसरा दवाखान्यात पोहोचल्यावर, योग्य उपचार सुरू व्हायला होतो.

आपल्याकडे सगळी भाषणे पहिल्या उशिरावर होतात. ‘या लोकांमध्ये जागृती नाही’, ‘शेवटच्या क्षणी येतात’ हे शेरे मी अनेक बैठकांत ऐकले आहेत. समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला यात जुनीच सवय दिसते. दोष व्यवस्थेचा असला तरी तो पीडिताच्या अज्ञानावर टाकायचा. त्या आजींनी सुनेची सूज पाहून अंधार पडण्याआधी गाडी शोधली होती. त्यांच्याकडून उशीर झालाच नव्हता. सात तास गेले ते दुसऱ्या आणि तिसऱ्या उशिरात.

रक्तस्राव थांबला नाही तर बाई दोनेक तासांतही दगावू शकते. वाढलेल्या रक्तदाबाने झटके सुरू झाले तर मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन वेळेत मिळावे लागते. ही औषधे महाग नाहीत. २०२३ मध्ये आफ्रिकेतील चार देशांतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाळंतपणानंतर किती रक्त गेले हे मोजणारी खुणांची साधी प्लास्टिकची पिशवी वापरली आणि ठरलेले सर्व उपचार एकाच वेळी सुरू केले, तेव्हा गंभीर रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी शस्त्रक्रिया आणि त्यातून होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. तिसरा उशीर कमी करायला दरवेळी कोट्यवधींची इमारत लागत नाही, हे यातून दिसते.

एक तालुका, अनेक मालक

पनवेलचा नकाशा समोर ठेवा. ऑक्टोबर २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातील पहिली. खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा हा शहरी भाग तिच्याकडे गेला. माथेरानच्या पायथ्याच्या धोदाणी-मालडुंगेकडच्या वाड्या, नेरे, आपटा, वावंजे परिसरातील गावे ग्रामीण भागात राहिली. तिथली प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेची. शहरातले उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचे. त्याच्या भोवती खासगी आणि धर्मादाय रुग्णालये. जिल्ह्याचे मुख्य सरकारी रुग्णालय मात्र अलिबागला, सत्तरहून अधिक किलोमीटर दूर.

प्रत्येकाची यादी वेगळी, नोंदवही वेगळी, वरिष्ठ वेगळे. जिल्हा परिषदेच्या हद्दीतली गरोदर बाई महापालिकेच्या हद्दीत पाऊल टाकते तेव्हा तिची माहिती तिच्याबरोबर जात नाही. जाते ती फक्त चिठ्ठी.

वीटभट्टीवर तर हाही आधार नसतो. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. नवरा-बायको मिळून एक जोडी धरली जाते. त्यामुळे बाईने सुट्टी घेतली की जोडीचे काम थांबते आणि उचल अंगावर राहते. तिचे माता-बाल संरक्षण कार्ड मूळ गावच्या आशाताईकडे नोंदलेले. भट्टीच्या जागेवरची आशाताई म्हणते, ही माझ्या यादीत नाही. मूळ गावची म्हणते, ती गावात नाही. दोघीही खरे बोलत असतात. बाई मात्र दोन्ही याद्यांतून सुटते.

याच तालुक्यात ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. तिथे प्रत्येक विमान कुठून निघाले, कुठे आहे, कधी उतरणार हे क्षणाक्षणाला माहीत असते. आठ महिन्यांच्या गरोदर बाईबद्दल एवढे माहीत असणे अशक्य नाही. ते कोणाचे तरी काम ठरले पाहिजे.

समन्वयाने काय बदलले

आमच्या कामात काही मोठे शास्त्र नव्हते. प्रत्येक वाडीतल्या सातव्या महिन्यापुढच्या महिलांची यादी केली. ज्यांचा रक्तदाब, रक्तक्षय किंवा आधीचे सिझेरियन यामुळे धोका जास्त त्यांची नावे लाल शाईने लिहिली. १०८ ची रुग्णवाहिका वाडीपर्यंत चढत नसेल तर ती कोणत्या वळणावर थांबेल आणि तिथपर्यंत बाईला कोण आणेल हे आधीच ठरवले. दर सायंकाळी एकच प्रश्न विचारून फोन केले: आज रात्री सिझेरियन होईल का, भूलतज्ज्ञ आहेत का, रक्त आहे का? बाई निघाली की पुढच्या ठिकाणी फोन करायचा आणि ती दाखल होईपर्यंत वहीतले पान बंद करायचे नाही.

एवढ्याने ‘पुढं कुठं’ हा प्रश्न बराच कमी झाला. पण पावसाळा संपला, वर्गणी संपली आणि फोन बंद झाला. गरोदरपण मात्र ऋतू पाहून येत नाही. तातडीच्या प्रकल्पांची ही मोठी मर्यादा मी प्रामाणिकपणे मान्य करते. आपण खड्डा भरतो आणि रस्ता ज्याने बांधायचा तो निर्धास्त होतो.

शहरात राहून सुटका नाही

हा प्रश्न वाड्यांपुरता आहे असे मानू नये. एप्रिल २०२४ च्या अखेरीस मुंबईत भांडुपच्या महापालिका प्रसूतिगृहात वीज गेल्यावर मोबाइलच्या उजेडात सिझेरियन केल्याचा आरोप कुटुंबीयांनी केला. आई आणि बाळ दोघेही गेले. २०२५ मध्ये पुण्यात एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने दहा लाख रुपयांची अनामत मागितल्याचा आरोप झाला. जुळ्या मुलींना जन्म देऊन ती आई दुसऱ्या रुग्णालयात गेली.

कायदा याबाबत मुका नाही. तातडीच्या वेळी सरकारी रुग्णालयाने उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात सांगितले. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवायच्या आहेत आणि तातडीच्या रुग्णाकडे अनामत न मागता आधी उपचार करायचे आहेत. रात्री दोन वाजता दारात उभ्या असलेल्या कुटुंबाच्या बाजूने हे सांगणारा माणूस मात्र तिथे नसतो.

बाबासाहेबांचा १९२८ चा मुद्दा

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी स्पष्ट भूमिका घेतली. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्याचा भार बराचसा सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. मालकांनाही त्यांनी जबाबदारीतून सोडले नाही. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात हा कायदा झाला. स्वतंत्र भारताचा प्रसूती लाभ कायदा १९६१ चा, आणि २०१७ मध्ये त्यातली रजा २६ आठवड्यांची झाली.

ही २६ आठवडे रजा वीटभट्टीवरच्या बाईला मिळत नाही. तिच्या वाट्याला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्यासाठीचे पाच हजार रुपये येऊ शकतात, तेही कागद आणि बँक खाते जुळले तर. बाबासाहेबांनी मांडलेले तत्त्व कारखान्याच्या दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले. ते भट्टीपर्यंत आणि घरकामगार बाईपर्यंत नेणे हे आपले अपुरे काम आहे.

काय मागायचे, काय करायचे

शासनाकडे आपल्या मागण्या नेमक्या हव्यात. एक, जिल्हा परिषद, महापालिका आणि उपजिल्हा रुग्णालय यांच्यासाठी मिळून चोवीस तास चालणारा एकच मातृत्व समन्वय कक्ष आणि त्यात पगारी, जबाबदार अधिकारी. दोन, पुढच्या रुग्णालयाचे नाव आणि तिथे फोनवर कोणाशी बोलणे झाले हे लिहिल्याशिवाय एकही चिठ्ठी नाही. तीन, गडचिरोलीसारख्या आदिवासी भागात प्रसूतीआधी राहण्यासाठी माहेरघराची सोय आहे, तशी सोय रायगडच्या वाड्या आणि भट्ट्यांवरच्या महिलांना. चार, मृत्यूचे अन्वेषण होते तसे मरता मरता वाचलेल्या आईच्या प्रवासाचेही व्हावे. केरळमध्ये २००४ पासून डॉक्टरांची संघटना आणि सरकार मिळून कोणाचे नाव न घेता, शिक्षेसाठी नव्हे तर शिकण्यासाठी, मातामृत्यूंचा आढावा घेतात. तो नमुना आपल्यासमोर आहे.

आपल्या समाजानेही एक गोष्ट करावी. १४ एप्रिलला आपण ठिकठिकाणी रक्तदान शिबिरे घेतो, ती चांगलीच आहेत. पण साठवलेले रक्त साधारण ३५ दिवस टिकते. म्हणजे जयंतीला दिलेले रक्त मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पुरते. जुलैमध्ये बाळंतीण होणाऱ्या बाईच्या कामी ते येत नाही. शिबिरांना महिन्यांचे वेळापत्रक द्या. पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे इथल्या विहारांनी एकेक महिना वाटून घ्यावा आणि दुर्मीळ रक्तगटांच्या दात्यांची यादी वर्षभर अद्ययावत ठेवावी. आपले विहार आणि आदिवासी वाडी यांच्यात त्यातून जे नाते तयार होईल ते कोणत्याही एकजुटीच्या भाषणापेक्षा पक्के असेल.

त्या आजी नंतर एकदा बाजारात भेटल्या. सून बरी आहे, पुन्हा भट्टीवर गेली, असे म्हणाल्या. मी विचारले, कोणत्या भट्टीवर? त्यांना नाव सांगता आले नाही. पुढच्या वेळी सुनेला दिवस गेले तर ती कोणाच्या यादीत असेल, याचे उत्तर आज माझ्याकडे नाही. ते शासनाकडे असायला हवे, आणि ते मागण्याचे काम आपले आहे.