धातू गेला कुठे, ते विचारा

औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाला लागून ज्यांची शेतं किंवा परसबागा आहेत, त्यांच्यासाठी हे आवाहन आहे. उद्या कुणी गावात येऊन सांगेल, ‘वीज सोडून तुमची माती स्वच्छ करू.’ ते थोतांड नाही, पण होकार देण्याआधी नीट समजून घ्या.

ओल्या मातीत दोन बाजूंना दांडे पुरून त्यांतून कमी दाबाची डी.सी. वीज सोडतात. शिसं, कॅडमियम, तांबं हळूहळू ऋण दांड्याकडे सरकतात. मुलामा देण्याच्या कारखान्यातलं क्रोमेट मात्र धन दांड्याकडे जातं. दांड्यांभोवती जमलेलं पाणी उपसून धातू वेगळा काढतात. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनला १९८७ साली रंगाच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर शिसं आणि तांबं काढायला हीच पद्धत वापरली होती.

आपल्या काळ्या जमिनीत पाणी सहजी झिरपत नाही, त्यामुळे धुऊन धातू निघत नाही. तिथे वीज उपयोगी पडते. पण त्याच जमिनीत चुनखडी असली की ती विजेने तयार होणारं, धातू सोडवणारं आम्ल मारून टाकते आणि धातू मातीला चिकटूनच राहतो. मग बाहेरून सायट्रिक आम्लासारखं काही घालावं लागतं, महिने वाढतात, खर्चही वाढतो. म्हणून दुसरीकडच्या मातीचे अहवाल पाहून भुलू नका. आधी आपल्याच जमिनीच्या तुकड्यावर चाचणी घ्यायला लावा.

धातू जळत नाही, कुजत नाही, विजेने नाहीसाही होत नाही. फक्त जागा बदलतो. उपसलेलं पाणी आणि गाळ घातक कचरा ठरतो. तो तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीसारख्या परवानगी असलेल्या केंद्रातच जायला हवा. नेल्याची पावती मागा. रात्री ओढ्यात सोडला, तर सगळं मुसळ केरात.

घरी बॅटरी जोडून हा प्रयोग कृपा करून करू नका. खारट मातीत क्लोरीन वायू सुटतो.

मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात, पण शिसं, कॅडमियम, क्रोमियम त्यांत नाहीत. पत्रिका चांगली आली म्हणजे माती निर्धोक, असं धरून चालू नका. जड धातूंची तपासणी वेगळी मागावी लागते. ती होईपर्यंत त्या जागेत पालेभाजी लावू नका, लहान मुलांना त्या मातीत खेळू देऊ नका, जेवणाआधी त्यांचे हात साबणाने धुवा.

दूषित जागांसाठी केंद्राने २०२५ साली स्वतंत्र नियम केले आहेत. संशयित जागेची माहिती मिळाल्यावर प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आहे, आणि सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याने द्यायचा आहे. तेव्हा येत्या ग्रामसभेत ठराव मांडा. गट नंबर, सांडपाणी कुठून येतं, कोणत्या विहिरीचं पाणी बदललं, हे त्यात लिहा, प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात आणि मंडळात द्या, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.