उजव्या सोंडेची गिटार

माझ्या बँकेच्या काउंटरवर एक पेन दोऱ्यानं बांधून ठेवलेलं आहे. दोऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. हजारो कोटींचं कर्ज बुडवून परदेशी पळणाऱ्यांना बांधता येईल असा दोरा बँकिंग व्यवसायात अजून निघालेला नाही. निदान पाच रुपयांचं पेन तरी वाचावं, एवढीच आमची माफक अपेक्षा. तक्रार आहे ती दोरा कुठल्या बाजूला बांधलाय याबद्दल. तो गिऱ्हाइकाच्या उजव्या हाताला आहे. एखादा डावखुरा माणूस पैसे भरायची स्लिप लिहू लागला की दोरा स्लिपवर आडवा येतो, पेन हिसका देतं आणि 'अक्षरी रुपये'च्या रकान्यात गोदावरीचं खोरं उमटतं. असली खोरी मी वीस वर्षं 'खाडाखोड' म्हणून परत करत आलो. दोऱ्याकडे माझं लक्षच गेलं नाही. ते जायला घरी एक गिटार यावी लागली.

गिटार आमच्या हेडकॅशियरच्या मुलाची. तो शिकायला जर्मनीला गेला तो गिटार आणि आईवडील मागे ठेवून. आईवडिलांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही; गिटार मी दोन हजारांत घेतली. आमची कन्या सातवीत आहे आणि डावखुरी आहे. गिटार दिसताच तिनं ती मांडीवर घेतली, पण उलटी. म्हणजे जगाच्या दृष्टीनं उलटी. गिटारची मान उजवीकडे, तारा छेडायला डावा हात. तारा अर्थातच वरच्या खाली नि खालच्या वर झाल्या होत्या, पण चेहरा मात्र इतका सरळ होता, की पंधरा वर्षांच्या संसारात सौभाग्यवतींचाही मी तसा कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी क्लास. सरांचं वय बावीस आणि केस खांद्यापर्यंत. त्यांनी एक नजर टाकली आणि निकाल दिला.

"काका, लेफ्टीचं नाटक नको. राइटनंच शिकवू. महिन्याभरात सवय होईल."

"नाही झाली तर?"

"होते हो, सगळ्यांना होते. आणि बघा ना, पिकगार्डपण राँग साइडला येतोय."

पिकगार्ड म्हणजे काय, ते मलाही त्याच दिवशी कळलं. गिटारच्या पोटावर जे गोल भोक असतं, त्याच्या खालच्या अंगाला एक पातळ प्लास्टिकचा तुकडा डकवलेला असतो, पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा. तारांवरून नखी (पोरं तिला 'पिक' म्हणतात) खाली उतरली की लाकडाला घासते. ते ओरखडे लाकडाऐवजी या तुकड्यानं सोसायचे. कपड्याला ॲप्रन, तसा गिटारला पिकगार्ड. ॲप्रन नसला तर काय होतं, ते अमेरिकेतल्या विली नेल्सन या गायकाच्या गिटारवर दिसतं. त्यानं ती 1969 साली घेतली. बोटांनी वाजवायची नायलॉनच्या तारांची गिटार, म्हणून तिला पिकगार्ड नाही. गडी वाजवतो मात्र नखीनं. नखीनं घासून घासून मूळ भोकाशेजारी दुसरं भोक पडलं.

आता उजव्या माणसाची गिटार डावखुऱ्यानं उलटी धरली की काय होतं? ॲप्रन पाठीवर येतो. प्लास्टिक वर, जिथे नखी कधी फिरकत नाही. आणि उघडं लाकूड खाली, जिथे रोज मारामारी. सरांचं म्हणणं, प्लास्टिक चुकीच्या बाजूला येतंय, तेव्हा मुलगी बदला. हा न्याय मला ओळखीचा वाटला. कुठे ऐकला होता, ते घरी येता येता आठवलं.

मीही डावखुरा जन्मलो. तिसरीत बाईंनी लाकडी पट्टी (स्वतःच्या उजव्या हातात) धरून माझी दुरुस्ती केली. 'सवय होईल' हे त्यांचंही वाक्य. सवय झाली. तोपर्यंत मी डाव्या हातानं पोळ्याचे बैल काढायचो आणि ते शेजारी मागून न्यायचे. उजव्या हातानं काढलेला पहिला बैल पाहून आई म्हणाली, "अरे वा, मांजर छान काढलंयस." त्या मांजरानंतर मी चित्र काढलं नाही. कॉमर्सला गेलो. आज बँकेत लोकांच्या सह्या जुळतात की नाही हे मी बघतो. माझी स्वतःची सही दोन दिवस लागोपाठ जुळत नाही, हे आमच्या मॅनेजरांना कळू नये.

बाईंचा तरी काय दोष? आमची भाषाच फितूर आहे. दोघांत जो चांगला तो 'उजवा'. मुलीचं लग्न झालं की ती 'उजवली'. एखाद्याला बाजूला सारलं की त्याला 'डावललं'. क्षुल्लक कामं 'डाव्या हाताचा मळ', आणि टेबलाखालून पैसे घेणारा हातही म्हणे डावा. (मी वीस वर्षं सरकारी कचेऱ्यांत जातोय, पैसे घेणारे सगळे हात मला उजवे दिसले आहेत.) अर्जुनाचं मोठेपण सांगताना मात्र 'सव्यसाची' म्हणायचं आणि सव्य म्हणजे संस्कृतात डावा, हे मुलांना सांगायचं नाही. 1971 साली वेस्ट इंडिजला आणि इंग्लंडला त्यांच्या घरी हरवणारे कर्णधार अजित वाडेकर डावखुरे फलंदाज होते. नोकरीनं ते बँकेतले, हे मी आणखी अभिमानानं सांगतो. त्यांना कोणी म्हटलं नाही, की क्रीजवर पलीकडून उभे राहा, सवय होईल.

तरी समोरच्या पक्षाचं ऐकून घेतलंच पाहिजे; आम्ही बँकेतही आधी ऐकून घेतो, मग नाही म्हणतो. सरांची बाजू अगदीच लंगडी नाही. गिटारला दोन्ही हात लागतात, आणि पट्ट्या दाबायचं अवघड काम उजव्या पद्धतीत डाव्या हाताकडेच असतं. मार्क नॉफ्लर डावखुरा असून उजव्या पद्धतीनं वाजवतो आणि कोणाचं काही अडत नाही. शिवाय उजवी गिटार कुठेही मिळते. आपला सचिन लिहितो डाव्यानं, बॅट धरतो उजव्यानं. सगळं मान्य. पण दुसऱ्या बाजूलाही माणसं आहेत. जिमी हेंड्रिक्सनं उजवी गिटार उलटी करून तारा बदलल्या. एलिझाबेथ कॉटन या कृष्णवर्णीय बाईनं तर ताराही बदलल्या नाहीत. तशीच उलटी धरून, अंगठ्यानं सुरावट आणि बोटांनी खर्ज अशी स्वतःची पद्धत काढली आणि म्हातारपणी ग्रॅमी घेतलं. म्हणजे दोन हातांत कामाची वाटणी कशी करायची, हे ज्याचे हात त्यानं ठरवावं. माझं भांडण उजव्या पद्धतीशी नाहीच. मुलीला न विचारता "होते हो" म्हणण्याशी आहे.

मी कन्येला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, उजवीकडून धरली की दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं वाटतं." मला तिसरीत हे वाक्य सुचलं असतं, तर आज ठाणे स्टेशनवर तुम्हाला माझे बैल दिसले असते.

तेव्हा हलवायचंच तर प्लास्टिक हलवू, असं ठरलं. काम सोपं आहे, फक्त घाई नडते. आधी बघायचं, तुकडा पॉलिशच्या वर डकवलाय की खाली. जुन्या अमेरिकन गिटारींवर तो सेल्युलॉइडचा असे आणि थेट कोऱ्या लाकडाला चिकटवत. सेल्युलॉइडमध्ये आपला आरतीचा कापूर असतो. वर्षं जातात तसा तो तुकडा आक्रसतो, लाकूड ओढून धरतो आणि एक दिवस त्याच्या कडेनं लाकडाला उभी चीर जाते. रक्षणाला नेमलेल्यानंच तडा द्यायचा! तसला तुकडा उपटायला गेलं तर लाकडाचे तंतू निघून येतात. ते कारागिराचं काम. आमची गिटार स्वस्तातली, तुकडा पॉलिशवर. सौ.चा केस वाळवायचा पंखा मंद आचेवर घेतला. जास्त तापवलं तर पॉलिशला फोड येतात, तारा ओढून धरणारी खालची पट्टी सुटू शकते. कोपरा जरा मऊ झाल्यावर खाली माझं मुदत संपलेलं एटीएम कार्ड सरकवलं. (चालू असताना त्या कार्डानं इतकं काम कधी केलं नव्हतं.) मग दात साफ करायचा दोरा करवतीसारखा ओढत ओढत तुकडा अख्खा सोडवला. राहिलेला चिकटा काढायला मातोश्रींनी खोबरेल तेल सुचवलं, शेजाऱ्यांनी थिनर. थिनरनं चिकट्याबरोबर पॉलिशही जातं. आम्ही लायटरमध्ये भरायचं पेट्रोल आधी एका कोपऱ्यात लावून पाहिलं आणि मग हलक्या फडक्यानं पुसलं. पुसताना देवघरातला दिवाही विझवला होता. खाली लाकूड फिकट निघालं, घड्याळ काढल्यावर मनगट दिसतं तसं.

आता तोच तुकडा पलीकडे लावावा, तर ते जमत नाही. तो डाव्या पायातल्या बुटासारखा असतो. उलटा केला तर गोंदाची बाजू वर येते. नवाच कापायला हवा, आरशातल्यासारखा. इथे वागळे इस्टेट कामाला आली.

1962 साली राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ निघालं, तेव्हाच्या सुरुवातीच्या वसाहतींतली ही आमची. पुष्कळ कारखाने गेले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. पण रोड नंबर 16 काय, 22 काय, आत गल्लीत शिरलात तर अजून एखादा गाळा सापडतो, जिथे तुम्ही कागदावर काहीही काढून दिलंत तर संध्याकाळी ते तुमच्या हातात देतात. मी जुना तुकडा कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली, कागद पालथा केला आणि पाट्या नि रबरी शिक्के करणाऱ्या एका काकांसमोर धरला.

"हे उलटं कापायचं ना? आमचा धंदाच उलट्याचा आहे," ते म्हणाले. "जाड अ‍ॅक्रिलिक देऊ नको, पातळ शीट देतो. जाड बसवलंत तर लाकूड हलायचं नाही, आवाज बसेल."

त्यांनी डाव्या हातात सुरी घेतली. तेव्हा मला दिसलं. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला पेरच नव्हतं.

"हे काय झालं?"

"तरुणपणी. पत्रा कापायच्या मशीनवर होतो दुसरीकडे. मी डावरा. पत्रा डाव्या हातानं सरकवायचो."

"मशीनला गार्ड नव्हता?"

"होता ना," ते कापता कापता म्हणाले, "उजव्या बाजूला होता. मुकादम म्हणायचा, सवय होईल."

मी पैसे विचारले. त्यांनी तीस रुपये सांगितले आणि मुलगी वाजवायला लागली की व्हिडिओ पाठवा म्हणाले.

घरी येऊन दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या कागदानं तुकडा नव्या जागी बसवला. पण एवढ्यानं भागत नाही, हे सांगायला हवं. गिटारची मान जिथे उजवीकडे, ती डावखुऱ्यांची गिटार म्हणजे उजव्या सोंडेचा गणपती, सोवळं कडक. तारांचा क्रम उलटा करायचा. मानेच्या टोकाशी ज्या खाचांतून तारा जातात, त्या जाड-बारीक मापाच्या असतात. ती पट्टी बदलावी लागते. खाली तारा ज्या हाडावर टेकतात ते तिरकं असतं. त्याचा तिरकेपणा उलटा केला नाही, तर वरच्या पट्टीत सूर बेसूर लागतात. पोटातल्या लाकडी पट्ट्या मात्र उजव्यांसाठीच बसवलेल्या, त्यांना हात लावता येत नाही. तेवढं उजवेपण आम्ही सोसतो. ही दोन कामं एका जाणत्या कारागिराकडून करून घेतली. सगळा खर्च महिन्याभराच्या फीपेक्षा कमी.

सर आधी गप्प बसले. पंधरा दिवसांनी म्हणाले, "काका, समोर बसून शिकवायला हिला सोपं जातं. आरशात बघितल्यासारखं कॉपी करते." नंतर हळूच विचारलं, "तुम्ही कुठून कापून घेतलंत? माझ्याकडे अजून दोघं आहेत." त्या दोघांना ते इतके दिवस सवय होण्याची वाट बघायला लावत होते.

राहता राहिलं बँकेचं पेन. दोऱ्याची लांबी एक फूट वाढवावी आणि खुंटी मधोमध ठोकावी, असा अर्ज मी मॅनेजरांकडे रीतसर केला. अर्जावर शेरा आला, 'प्रचलित व्यवस्थेची ग्राहकांना सवय झालेली आहे.' त्याच दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी दोरा कापला. पेन अजून तिथेच आहे. कोणीही नेलेलं नाही. कापला डाव्या हातानं, हे मात्र कबूल करतो: कात्री उजवी असल्यामुळे तीनदा प्रयत्न करावा लागला.