शिकवणाऱ्याच्या रिक्षाभाड्याचं काय?

खरिपात बदलापूर-अंबरनाथकडच्या गावांत फिरताना हमखास औषधाची बाटली पुढे येते. "साहेब, हे पंपाला किती घालायचं?" सोबतच्या कागदावर मराठीत छापलेलं असतं. लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी, हे न वाचताही ओळखता येतं. प्रमाण मात्र अंक वाचल्याशिवाय कसं कळणार?

पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ असा आखला आहे. शिकणं मोफत, ते योग्यच. पण शिकवणारा स्वयंसेवक, त्याला मानधन नाही. आधीच्या साक्षर भारत योजनेत प्रेरकाला महिना दोन हजार रुपये तरी ठरवले होते.

आपल्याच जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषद शिक्षक योगेंद्र बांगर यांचा पुढाकार, शिकवायला गावातलीच सून, अन् वर्ग दुपारी, कामं उरकल्यावर. म्हणून साठीपुढच्या बायका पाटी घेऊन बसल्या. नुसत्या जीआरने बसल्या नसत्या.

माझ्या ओळखीच्या एका वाडीवर वर्ग घेणारी मुलगी रिक्षाचे पैसे घरून घालायची. लावणी आली, बायका गळाल्या, मग तीही यायची थांबली. तिला कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी हा विषय येत्या ग्रामसभेत घ्यावा. शिकवणाऱ्याच्या जाण्यायेण्याच्या खर्चाचा ठराव करा. लावणी-कापणीत वर्ग बंद ठेवा, होळीनंतर जोरात चालवा.