तीन मजली केकचा हिशेब

आजी-आजोबांच्या विवाहाचा सुवर्णमहोत्सव असो वा नातवाचा पहिला वाढदिवस, समारंभात पेढ्यांच्या परातीशेजारी आता फाँडंटचा मजली केकही मानाने उभा राहू लागला आहे. त्याचा दर ऐकताच पेढीवर आयुष्य घालवलेली वडीलधारी मंडळी विचारतात, "मैदा, साखर आणि लोण्याचा भाव आम्हांस ठाऊक नाही काय?" प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर मैद्याच्या भावात सापडत नाही. सोन्याच्या दागिन्यावर घडणावळ द्यावी लागते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ते समजण्यास वेळ लागणार नाही.

प्रथम माप पाहू. आपल्याकडे केक किलोवर मागण्याची रीत आहे. मजली केकसाठी मात्र माणसे मोजणे अधिक सोयीचे. प्रत्येक मजला ४ इंच उंच असेल आणि तुकडा १ इंच रुंद व २ इंच लांब कापला, तर १०, ८ आणि ६ इंच व्यासाच्या गोल मजल्यांतून अनुक्रमे सुमारे ३८, २४ आणि १२, म्हणजे एकूण ७४ तुकडे निघतात. पूर्ण भोजन असेल तर ७० पाहुण्यांना इतके पुरते. केवळ अल्पोपाहार असेल तर तुकडा मोठा ठेवावा लागतो आणि हिशेब बदलतो.

आता किंमत. पुढील आकडे केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत. गावानुसार ते बदलतील. वरील केकसाठी साहित्य ४,५०० रुपये धरू. त्यात तिन्ही मजल्यांना लागणारे सुमारे सव्वादोन किलो फाँडंट आले. भाजणे, भरणे, लेप देणे, फाँडंट लाटून चढवणे आणि फुले घडवणे यांस १६ तास लागले व तासाला २०० रुपये मजुरी धरली, तर ३,२०० रुपये होतात. वीज, पाट, खोके आणि जागेचा वाटा १,००० रुपये. पोहोचवणे व जागेवर रचणे ८०० रुपये. एकूण खर्च ९,५०० रुपये झाला. त्यावर २० टक्के नफा, म्हणजे १,९०० रुपये घेतले की किंमत ११,४०० रुपये येते. माणशी सुमारे १५४ रुपये. केक करणारी गृहिणी असली म्हणून तिचे १६ तास फुकट ठरत नाहीत. आपल्या दुकानात गिऱ्हाईक केवळ खरेदीचा भाव देऊ लागले तर आपण जे म्हणू, तेच तिलाही म्हणण्याचा अधिकार आहे.

खर्च कमी करावयाचा असेल तर घासाघीस करण्याऐवजी मागणी बदलावी. खालचा मजला थर्मोकोलचा केल्याने फार बचत होत नाही. केक वाचतो, पण त्यावरचे फाँडंट आणि मेहनत तशीच राहते. त्यापेक्षा ८ आणि ६ इंचांचे दोनच मजले सजवून घ्यावेत आणि उरलेल्या पाहुण्यांसाठी त्याच चवीचा साधा चौकोनी केक आतल्या बाजूस कापून वाढावा. हाताने घडवलेली फुले व बाहुल्या सर्वाधिक वेळ घेतात. त्या निम्म्या केल्या तरी शोभा उणी होत नाही.

आपल्या घरांसाठी खरी कसोटी साहित्याची आहे. 'एगलेस' हा शब्द ऐकून निश्चिंत होऊ नये. अंडे नसले तरी फाँडंटमध्ये जिलेटिन असू शकते, आणि ते प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनते. वेष्टनावर चौकोनातील हिरवा ठिपका असेल तर जिलेटिन व अंडे नाही असे समजावे. परंतु नियमातील मांसाहाराच्या व्याख्येतून मध, मेण आणि शेलॅक वगळलेले आहेत. त्यामुळे हिरवा ठिपका असूनही केकमध्ये मध किंवा चकचकीत मण्यांवर लाखेचा लेप असू शकतो. म्हणून घटकांची यादी वाचावी. शेलॅकचा क्रमांक ९०४, तर कोचिनियल किड्यांपासून मिळणाऱ्या लाल रंगाचा १२०. मागणी देतानाच या वस्तू नकोत असे लेखी द्यावे आणि वापरावयाच्या पाकिटांची छायाचित्रे मागवावीत. प्रामाणिक कारागीर यास कधीही नकार देत नाही.

वेळेचे नियोजन सूर्यास्तापासून मागे मोजावे. मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य सुमारे ६ वाजता मावळतो, जुलैच्या आरंभी सुमारे ७.२० वाजता. ज्या घरी सूर्यास्तापूर्वी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे आधी भोजन आटोपते, तेथे हिवाळ्यात केक ४ च्या सुमारास कापला जावा. ७० तुकडे कापून वाढण्यास अर्धा तास सहज जातो. तेव्हा केक ३ वाजता जागेवर रचलेला हवा. निमंत्रणपत्रिकेवरील वेळ याच हिशेबाने छापावी. वडीलधाऱ्यांच्या हाती केक येईपर्यंत अंधार पडला, तर ज्यांच्यासाठी समारंभ केला तेच उपाशी राहतात.

मागणी तीन ते चार आठवडे आधी द्यावी, कारण साखरेची फुले वाळण्यास दिवस लागतात. बयाणा, उरलेल्या रकमेची तारीख, समारंभ रद्द झाल्यास काय, आणि जीएसटी किमतीत धरला आहे की वेगळा, हे एकाच कागदावर असावे. विक्रेत्याचा १४ अंकी अन्नसुरक्षा क्रमांकही त्यावर घ्यावा.

दोन गोष्टी आणखी. फाँडंटखाली फेटलेली क्रीम नको. तिच्या ओलाव्याने फाँडंट विरघळते. चॉकलेट गनाश बरा. आणि पावसाळ्यात फ्रीजमधून काढलेल्या केकला दमट हवेत घाम सुटतो. तेव्हा बोट लावू नये, ओलावा आपोआप वाळतो. मजले वेगवेगळ्या खोक्यांत, गाडीच्या सपाट तळावर न्यावेत; मांडीवर किंवा उतरत्या आसनावर नव्हे. कापण्यापूर्वी आतील आधाराच्या काड्या मोजून काढाव्यात आणि किती होत्या हे कारागिराकडून आधीच विचारून ठेवावे. पंगतीत लहान मुले असतात.