लग्नाला नकार म्हणजे आजार नव्हे

"डॉक्टर, हिला जरा समजावून सांगा. चांगली चांगली स्थळे नाकारते. डोक्यात काही बिघाड तर नाही ना?" लग्नसराईच्या तोंडावर असा प्रश्न घेऊन येणारे आईवडील मला दरवर्षी भेटतात. कुणी मुलीसाठी टॉनिक मागतो, कुणी झोपेच्या गोळ्या. 'एकदा अक्षता पडल्या की होईल सरळ' हे औषध तर घरोघरी ठाऊक आहे.

अशा पालकांना मी एक गमतीची गोष्ट सांगतो. जेन ऑस्टिन या इंग्रज लेखिकेची 'एमा' ही कादंबरी १८१५ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. नायिका वीस-एकवीस वर्षांची, देखणी, श्रीमंत. स्वतः लग्न करणार नाही असे ती उघड सांगते. इतरांची लग्ने जुळवण्याची मात्र भारी हौस!

डॉक्टरच्या नजरेने वाचले की या नकारामागचे एक कारण स्पष्ट दिसते. आई लहानपणीच गेलेली, थोरली बहीण लंडनला नांदते आहे, आणि घरी वडील, मिस्टर वुडहाउस. या गृहस्थांना वाऱ्याची झुळूक सोसत नाही. रात्री जेवण नको, पातळ पेज हवी. लग्नातला केक कुणी खाऊ नये म्हणून ते गावच्या वैद्याचा हवाला देतात. आणि त्याच वैद्याची मुले केक खाताना दिसली अशी कुजबुज गावात होते! (असे रुग्ण आमच्याकडेही आहेत. नावे सांगत नाही.) अशा वडिलांना टाकून मुलगी जाणार कुठे?

पुढे बहिणीच्या थोरल्या दिरावर, मिस्टर नाइटलीवर, तिचे मन जडते. तरी अडचण तीच. तेव्हा हा शहाणा माणूस स्वतःचे मोठे घर सोडून सासऱ्याकडे राहायला तयार होतो. घरजावईच म्हणा ना! सासरेबुवा तरीही कुरकुरतात. पण शेजारच्या टर्की कोंबड्या चोरीला जातात, आणि घरात धडधाकट पुरुष हवा हे त्यांना एकदम पटते.

एमाला ना गोळी लागली, ना धाकदपटशा. अडचण सुटली आणि लग्न झाले.

आपल्याकडे मात्र नकार देणाऱ्या मुलीवर 'हिस्टेरिया'चा शिक्का अजून बसतो. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने हा शब्द १९८० सालीच आपल्या रोगांच्या यादीतून काढून टाकला. मुलीला फिट येत असेल तर तिला तपासावे, मांडवात उभी करू नये. मी एकटीला विचारतो तेव्हा कारणे साधी निघतात: वडिलांचा दमा, धाकट्या भावाचे शिक्षण, नोकरी सुटण्याची धास्ती, बहिणीचा सासरी झालेला छळ. एखादीच्या मनात कुणी असते. एखादीला लग्नच नको असते, आणि माझ्या मते त्यातही काही बिघडत नाही.

छातीत धडधड, वजन घटणे, सततचा थकवा असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या. दोन आठवडे मन उदास असेल, झोप उडाली असेल तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा असेल तर त्याच दिवशी. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे.

आणि दवाखान्यात आलात की मुलीला आत एकटीला पाठवा. तेवढ्या वेळात आईवडिलांचे ब्लडप्रेशर आमचे कंपाउंडर मोजून घेतील. बहुधा तेच वाढलेले असते.