चुकलेला प्रश्न
अपयशातून शिकू पाहणाऱ्याला बहुधा आपले मूळ गृहीतक, म्हणजे तपासून न पाहता खरी मानलेली समजूत, बदलावे लागते, आणि हे काम फार थोड्यांना साधते. त्या थोड्यांपैकी एक उदाहरण असे: गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने सुरुवातीला सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या रक्तपेशींना विळ्यासारखा आकार आणणाऱ्या आनुवंशिक आजाराचा, अभ्यास हाती घेतला. आजार जिल्ह्यात आहे हे सिद्ध झाले. परंतु तो समूळ बरा करणारे औषध गावाला देता येत नव्हते आणि लोकांनीही तो प्रश्न कधी विचारला नव्हता, त्यामुळे शास्त्राच्या कसोटीवर उतरलेले संशोधन ज्यांच्यासाठी केले त्यांच्या फारसे उपयोगी पडले नाही. अभय बंग यांनी ही चूक पुढे जाहीरपणे मांडली, आणि हे धैर्य मोठेच मानले पाहिजे, कारण स्वतःच्या निष्कर्षाची उपयुक्तता स्वतःच नाकारणे विद्वानांना सहसा जमत नाही. त्यानंतर लोकांना विचारून कामे ठरू लागली: शोधग्राम या संस्थेच्या परिसरातले रुग्णालय आदिवासींच्या सूचनेनुसार, नातलगांना रुग्णासोबत राहता येईल अशा झोपड्यांचे झाले व त्याला दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले, नवजात बालकांमधील जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देण्याचे शिक्षण गावातल्याच स्त्रियांना देण्यात आले, आणि ३९ गावांतील या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, तेव्हा तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले.