रस्त्यावरचे तास कोणाच्या खात्यावर?

ऐन गळीत हंगामात साखर कारखान्यातील स्वयंचलित सेंट्रिफ्युगल यंत्र बंद पडले की सारे गाळप अडखळते. गव्हाणीबाहेर ट्रॉल्यांची रांग लागते, तोडलेल्या उसातील साखरेचा अंश घटू लागतो आणि शेतकरी, वाहनवाला व तोडणी मजूर तिघेही खोळंबतात. अशा वेळी यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर पुण्याहून रातोरात निघतो. पहाटे पोहोचून तो दोष शोधतो, सुटा भाग बदलतो, यंत्र चालू करून अहवालावर सही घेतो आणि पुढच्या गावचा रस्ता धरतो. अहवालात कामाचे तास पडतात सहा. जाण्यायेण्यात गेलेले दहा-बारा तास कोणाच्या खात्यावर पडतात?

इचलकरंजीचे एअरजेट माग, इस्पितळातील सीटी स्कॅन, औषध कारखान्यातील भरणी यंत्रे ही सारी अशाच फिरत्या तंत्रज्ञांच्या बळावर उभी राहतात आणि चालतात. पण आठ तासांच्या दिवसाची सारी रचना कारखान्याच्या दरवाजाभोवती झाली. भोंगा, हजेरीपट, पाळी हे तिचे खांब. या माणसाला भोंगा नाही. तो रोज दुसऱ्याच्या दरवाजातून परवाना घेऊन आत जातो. तेथील उपाहारगृह त्याचे नसते आणि तेथील युनियनही त्याची नसते.

यामागचे अर्थकारण साधे आहे. ग्राहकाच्या बिलात प्रवासाचा आकार लावला जातो, किंवा वार्षिक देखभाल कराराच्या किमतीत तो मुरवलेला असतो. म्हणजे प्रवास ही कंपनी विकत असलेल्या सेवेचाच भाग आहे. ‘चोवीस तासांत माणूस हजर’ हे आश्वासन कंपनी देते आणि ते पाळले जाते इंजिनिअरच्या झोपेतून. ठिकठिकाणी शाखा उघडणे, सुट्या भागांचा साठा ठेवणे, राखीव माणसे नेमणे याला भांडवल लागते. ते वाचवायचे, तर मोजमाप नसलेला मानवी वेळ हाच सर्वांत स्वस्त पर्याय ठरतो.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. कारखाना रविवारी बंद, म्हणून यंत्र देखभालीला मोकळे, म्हणून इंजिनिअरचा रविवार कामाचा, असा आज उलटा हिशेब आहे. एका कामगाराची सुटी दुसऱ्याच्या सुटीतून भागवली जाते. बदली रजा कागदावर असते आणि पुढच्या बिघाडात विरून जाते.

कायदा या माणसाला अगदीच अनोळखी नाही. औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ या व्याख्येत १९५६ च्या दुरुस्तीने ‘तांत्रिक’ काम आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आहे. त्यात मेख अशी, की तांत्रिक कामाला वेतनमर्यादा नाही. पर्यवेक्षकाला मात्र दरमहा १८,००० रुपयांची मर्यादा आहे आणि व्यवस्थापकीय काम करणारा तर व्याख्येबाहेरच. साहजिकच पाने आणि मल्टिमीटर घेऊन हिंडणाऱ्याच्या कार्डावर ‘असिस्टंट मॅनेजर’ छापले जाते. न्यायालये हुद्दा पाहत नाहीत, प्रत्यक्ष काम पाहतात, हे खरे. पण ते सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षे झगडायची ताकद एकट्याच्या अंगी नसते. औषध प्रतिनिधीही असेच गावोगाव फिरणारे, एकेकटे. तरीही त्यांनी संघटना बांधली आणि १९७६ साली स्वतंत्र कायदा मिळवला.

स्पेनमधील एका प्रकरणात हाच प्रश्न ऐरणीवर आला. सुरक्षा यंत्रणा बसवणाऱ्या एका कंपनीने २०११ साली आपली प्रादेशिक कार्यालये बंद केली आणि तंत्रज्ञांचा दिवस पहिल्या ग्राहकाच्या दारात सुरू होतो, असे ठरवले. युरोपीय न्यायालयाने २०१५ साली निर्णय दिला, की ज्यांना ठरावीक कामाचे ठिकाण नाही, त्यांचा घरापासून पहिल्या ग्राहकापर्यंतचा आणि शेवटच्या ग्राहकापासून घरापर्यंतचा प्रवास हा कामाचाच वेळ होय. त्या वेळेचे वेतन किती, हे न्यायालयाने देशोदेशीच्या कायद्यांवर सोडले. तरीही तत्त्व मान्य झाले.

यावर मालकवर्गाचे उत्तर ठरलेले आहे: यंत्र वेळ सांगून बंद पडत नाही. हे नाकारण्याचे कारण नाही. अतिदक्षता विभागातील यंत्राला रात्र थांबता येत नाही, उभ्या उसालाही नाही. कारखाने कायद्यानेही तातडीच्या दुरुस्तीला तासांच्या मर्यादेतून सवलत देऊ केली होती. परंतु सवलत ही अपवादासाठी असते. तातडी रोजचीच झाली, तर ती आपत्ती नव्हे; ती माणसे कमी नेमल्याची कबुली आहे. शिवाय रात्रभर जागून आलेल्या माणसाने विजेच्या पॅनेलमध्ये हात घालणे हा धोका त्याच्याबरोबर आसपासच्या कामगारांनाही असतो.

म्हणून मागण्या थोड्या आणि स्पष्ट असाव्यात. घर सोडल्यापासून घरी परतेपर्यंतची वेळ हजेरीत नोंदली जावी. मर्यादेपलीकडील तासांना दुप्पट दर मिळावा. रात्रीच्या प्रवासानंतर विश्रांतीशिवाय काम सुरू होऊ नये आणि विजेच्या कामावर एकटा माणूस पाठवू नये. यातील पहिले पाऊल मात्र कामगार कार्यकर्त्यांनीच टाकायचे आहे. बाहेरून आलेला तो इंजिनिअर कंपनीचा साहेब नव्हे, आपल्यातलाच एक श्रमिक आहे, हे ओळखून कारखान्यातील युनियनने त्याला पुढच्या सभेचे बोलावणे द्यावे.